अठरा मिलिमीटर

ग्रंथालयाच्या जिन्याला अठरा पायऱ्या.
सतरा एकसारख्या, सतरा सेंटीमीटर उंच.
चौथी तेवढी
अठरा मिलिमीटरनं आगाऊ.

मी तीनदा मोजली. टेप बदलली, पुन्हा मोजली.
नकाशात तर सगळ्या सख्ख्या बहिणी:
ट्रेसिंग कागद पिवळा पडलेला, कोपऱ्यात
वास्तुविशारदाची ऐटबाज सही
आणि कुणाच्या तरी कॉफीच्या कपाचं वर्तुळ,
अख्ख्या कागदावर तेच सगळ्यात सुबक.

कोन्सेप्सिओनमध्ये पुढच्यास ठेच लागते
आणि मागचा शहाणा व्हायला दोन वर्षं जातात.
भौतिकशास्त्राची पोरं अडखळतात, कायद्याची अडखळतात.
एकदा नवे कुलगुरू, गळ्यात पदक, मागे बँड,
चौथीवर असे काही वाकले
की लोकांना वाटलं, ग्रंथांपुढे नम्र झाले.
टाळ्या पडल्या.
तिसऱ्या वर्षापासून मात्र पाय आपणहून
जरासा जास्त उचलला जातो.
पदवीच्या कागदावर हे लिहून देत नाहीत.

गवंडी शोधून काढला. तालकाउआनोला, बंदरामागे.
एलेउतेरिओ नाउएलपान, वय एक्याऐंशी,
अंगणात कोंबड्या, खिळ्याला अजून ओळंबा टांगलेला.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
चौथी ना? बस.

एक टोळी खालून येत होती, एक वरून.
वरचे तरणे, झपाझप उतरले.
सेंट्रिंग ठोकून झालं, ट्रक दारात, ड्रम फिरतोय,
मी सुतळी धरली
तर बोटभर उरलं.

‘मग वाटून का नाही टाकलंत? एकेकीला एकेक?’
‘काँक्रीट थांबतं होय कुणासाठी, इंजिनेरा?
उरलेलं कुठेतरी ठेवावं लागतं.
म्हटलं, खालीच ठेवू.
पडलाच कुणी, तर चौथीवरून पडेल.
चौदावीवरून पडला
तर त्याच्या आईला कोण सांगायला जाणार?’

मोठ्या भूकंपात, मी सांगितलं,
वरची सगळी कपाटं आडवी झाली,
पुस्तकं गुडघाभर.
जिन्याला केसभर तडा नाही.
हं, म्हणाला. कोंबड्यांना दाणे टाकत राहिला.

नियम पाच मिलिमीटरपर्यंत सोसतो.
जानेवारीत, सुट्टीत, माझ्याच सहीनं काम झालं.
खालच्या तीन भरल्या, वरच्या तासल्या,
बोटभर चूक अठराजणींत वाटली,
एकीलाही जड झाली नाही.
लेव्हलचा बुडबुडा मधोमध बसला,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखा.

मार्चमध्ये दारं उघडली.
नवी पोरं फोनवर डोळे लावून
भराभर चढून गेली. त्यांना काय.
मग दोन्या ओर्तेन्सिया आल्या,
एकतीस वर्षं नोकरी, हातात परतीच्या पुस्तकांची चळत.
चौथीशी त्यांनी पाय उचलला
नेहमीएवढा,
म्हणजे आता सतरा मिलिमीटर जास्त,
आणि तो हवेतून
थाडकन खाली आला.
पुस्तकं घरंगळत पार दारापर्यंत.

मी खांबाआड उभी राहून दुपारपर्यंत मोजले.
बेचाळीस जण.
झाडूवाला रामिरो. दोन प्राध्यापक, एकमेकांशी भांडत,
भांडता भांडता एकदमच दचकले.
शेवटच्या वर्षाची एक मुलगी
परत खाली उतरली, पुन्हा चढून पाहिलं,
वाकून दगडावर हात फिरवला,
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी फायलीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

संध्याकाळी त्याला फोन लावला.
पलीकडे कोंबड्या, वारा.
‘पडलं का कुणी?’
‘पडलं नाही. अडखळले. पुस्तकं पडली.’
‘कुठे?’
‘चौथीवर.’
‘चौथीवरच ना?’
‘चौथीवरच.’
‘मग ठीक आहे,’ म्हणाला,
आणि फोन ठेवायचा विसरला.