कव्हर

मामंजींना पुस्तक नावानं सापडत नाही.
सांगलीत चाळीस वर्षं बाइंडिंग केलं,
ते पुठ्ठ्यावरून ओळखतात.

आणि या ई-रीडरमध्ये
सगळी पुस्तकं एकाच राखाडी गणवेशात,
नावाच्या जागी चौकोन, चौकोन, चौकोन.
"बोडकी," म्हणाले, आणि उशीखाली सारलं.

डंडीत जानेवारी. चारला अंधार.
मी ओट्यापाशी: केबल, लॅपटॉप, गार चहा.
फोटो जड असेल म्हणून लहान केला.
पीएनजी चालत नाही म्हणून जेपीजी.
फाइलचं नाव मराठीत होतं, ते रोमनमध्ये लिहिलं,
मग नुसतं शून्य शून्य एक.
बटण चाळीस सेकंद दाबून धरलं,
एखाद्याची नाडी सापडेना तसं.

मध्येच आलं! हाक मारली.
ते चष्मा शोधत येईपर्यंत
पुन्हा राखाडी.
"होतं हो आत्ता."
"असेल," म्हणाले.

खालच्या मजल्यावरची एली पार्सल द्यायला आली,
सोळा वर्षांची, मोजे ओले.
दारातूनच म्हणाली, वायफाय बंद करा आधी.
जोडलं की ते दुकानाला विचारतं,
दुकानाकडे हे पुस्तक नसतं,
मग तुमचं चित्र पुसून टाकतं.

दुकानाकडे नसतं. कुठून असणार?
तासगावच्या विहिरींवर एका ओव्हरसियरनं लिहिलेलं,
तीनशे प्रती; बाइंडिंगचे पैसे न देताच गेला बिचारा.
उरलेल्यांतली एक मामंजींनी बॅगेत घालून आणली,
लाल कापड, वर काळ्या शाईत मोट.
अक्षर मोठं करून वाचता यावं म्हणून
दोन रविवार पान-पान स्कॅन केलं मी.

वायफाय बंद. कॉपी. केबल काढली.
थांबले.
राहिलं.

त्यांनी जवळ धरलं, लांब धरलं.
या पडद्याला रंग नसतो, मी सांगायला लागले.
"लाल मला माहीत आहे."
मग कोपऱ्यावर बोट ठेवलं: "आणि हे?"

फोटोत त्यांचाच अंगठा आला होता,
पुस्तक दाबून धरणारा,
कटिंग मशीननं अर्धं नख नेलेला.
"तेवढं कापून टाकते."
"कापू नकोस," म्हणाले,
"मार्जिन आधीच कमी आहे."

तेव्हापासून वायफाय बंदच.
नवं काही वाचायचं असलं की
माझ्या दाराशी येऊन खाकरतात.
मी केबल शोधते.