कोरा रकाना

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या मागं,
जिथं आधी मोडके पलंग टाकून ठेवत,
तिथं दर गुरुवारी आम्ही बसतो.
डॉक्टरांची बदली चैत्रात झाली.
रजिस्टरात 'प्रमुख' हा रकाना
तेव्हापासून कोरा.

आज चहाला कुणी हात लावत नाही.
दिग्या तीन गुरुवार आलेला नाही.
सतरा वर्षांचा. शर्टाला
पंक्चरच्या सोल्युशनचा वास.
भारंबे सर म्हणतात, घरच्यांनी कळवायला हवं होतं.
कुणीतरी म्हणतं, घरी फोन आहे कुठं?
पंखा फिरतो, वारा एकालाही लागत नाही.

मग हमिदा तडवी सिस्टर
पेनाचं टोपण लावतात, काढतात, लावतात.
"शेजारच्या नंबरावर फोन मी करणार होते.
विसरले."
एवढंच.

'असू द्या' कुणी म्हणालं नाही, ते बरं झालं.

जरा वेळानं भारंबे सर, भिंतीकडं बघत :
"मागच्या खेपेला त्याच्या आईवर ओरडलो मी."
रफिक पंक्चरवाला बोलला नाही,
नुसती काळी नखं बघत राहिला.
आणि दाराजवळून जितू,
दोन वर्षांपूर्वी याच खोलीत थरथरत बसलेला,
मिटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारा :
"तो रावेरले शे. केयीसना ट्रक भरस."

सगळ्यांनी एकदम त्याच्याकडं पाहिलं.
तो लाजला.

सिस्टर टेबलाखाली चप्पल शोधू लागल्या.
रफिकनं गाडीची किल्ली
जितूकडं फेकली.
"अडावदच्या पुढं रस्ता खोदलाय," म्हणाला,
"तूच चालव."