चौथा चोर

येलदरीच्या धरणापासून थोडं आत, चैत्रात,
मुंजाजी भाऊंनी स्टँडला पिशवीत घालून वीट लटकवली
आणि कॅमेरा उत्तरेकडं वळवला.
मला शाळेच्या भिंतीसाठी बाजलं हवं होतं:
चार खुरं, मागं तीन चोर.
गोष्ट पोरांना पाठ आहे.
जिंतूरच्या दिव्यांत चोर दिसत नाहीत.

पडद्यावर चोर चार निघाले.
शेवटच्याच्या जरा खाली, तांबडा, चोख,
बाकीच्यांपेक्षा जास्त खरा.

"बाई, चांदणी इतकी टोकदार नसती.
हवेतून येती, जरा विरघळून येती.
ह्याला मोठा करून बघा, चौकोनी हाय."

मग दर दहा मिनिटांनी एक फोटो.
बाजलं कलत गेलं,
चोर त्याच्यामागं ओढल्यासारखे.
चौथा जागचा हलला नाही.

मग भिंगावर झाकण.
अर्धं मिनिट, काहीच न दाखवता काढलेला फोटो.
काळा येईल वाटलं. काळाच आला,
पण आत अकरा ठिपके, लाल, निळे, एक हिरवा,
आणि आपल्या जागेवर तो.

रात्री एकलाही बुडाखालचा दगड गरम होता.
"उन्हाळ्यात वाढतेत," भाऊ म्हणाले,
"सात लगीनसराया झाल्या ह्याला."
आता हा काळा फोटो त्या फोटोतून वजा करायचा.
तिसरीतली वजाबाकी, हातचा नसलेली.

बॅटरी बदलताना ते आपणहून बोलले:
चारठाण्याला वरात. लाईट गेलेली.
नवरदेवाची आई कडंला उभी,
आणि हाच ठिपका नेमका तिच्या कपाळावर.
सोळा वर्षांचं मोकळं कपाळ.
"पुसणारच होतो. ती दुकानात आली,
फोटोवर बोट ठिवलं, म्हणली, आसू द्या."

तुम्ही सांगितलंत तिला, कॅमेऱ्याचं?

भाऊ बॅटरीचं झाकण लावत राहिले.
एवढा वेळ लागत नाही त्याला.

सोमवारी दुकानात वजाबाकी झाली. चोर तीन.
मधल्या चोराला खेटून एक बारीक कण उरला होता,
असून नसल्यासारखा.
धूळ म्हणून मी पुसायला गेले.
"ऱ्हाऊ द्या बाई," भाऊ मागून म्हणाले,
"अरुंधती हाय ती. लग्नात दाखवतेत.
सगळ्या फोटोत बघितलंय मी,
सरकती त्याच्यासंगं."