दहापर्यंत

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा माशांचा वास
मला कधीच आवडला नाही. जन्म इथलाच, तरी.
बाळंतपणानंतर मात्र तोच कामी आला.
टोपलीपाशी बसलेल्या बाईला
आणखी कसला वास येतोय, कोण बघतंय.

पावणेचार किलोची पोर. चिमटा लावून काढली.
टाके किती, विचारलं तर नर्स म्हणाली,
मोजून काय करणार?
मग मी दुसरंच मोजायला लागले.
बंदरापासून घरापर्यंत पावलं तीनशे दहा.
वाटेत संडास एक, त्याला कडी नाही.
शिंक येणार असेल तर पाय आधी एकावर एक,
हसू येणार असेल तर आधी बसायचं.
बांगड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत,
घडी घातलेला काळा परकर.
सगळ्या साड्या आता गडद.
शेजारीण म्हणाली, "गडद रंग तुका शोभतत गो."

दिगंबर ट्रॉलरवर आठ-आठ दिवस.
आला की अंधारात हात पुढे करायचा
आणि मी भिंतीकडे.
त्याला वाटलं, रागावलेय.
राग असता तर बरं होतं.
रागाचे कपडे धुवावे लागत नाहीत.

सासूजवळ एकदा अर्धं वाक्य बोलले.
ती आडाळ्यावर तिसऱ्या फोडत होती.
"आमकां काय झाला नाय? बायलांचा ह्या असाच असता."
आणि पुढची तिसरी जरा जोरात.

पोरीच्या डोसाचं सांगायला आलेली आशाताई,
केळुस्करांची जयश्री,
वजनकाटा पिशवीत भरता भरता म्हणाली,
आणि तुझं काय?
पोरीचं वजन, पोरीचं दूध, पोरीची शी,
सगळं तिच्या वहीत होतं.
मी म्हटलं, माझी शी मला कळत नाही.
एवढंच वाक्य. त्याला सात महिने लागले.

ओरोसला जायचं तर कुडाळला गाडी बदला.
आदल्या रात्री जेवले नाही, सकाळी चहा नाही.
दाराजवळची सीट, खाली टॉवेल.
मठाच्या वळणावर डोळे मिटून घेतले,
गतिरोधक आला की ड्रायव्हरच्या सात पिढ्या.

फिजिओच्या खोलीत मुजावर मॅडमनी दार लावलं,
पडदा ओढला
आणि विचारलं, भात किती खाता असं विचारावं तसं:
वारा आवरतो का? पातळ झालं तर?
आठवड्यातून किती वेळा?
मी पंख्याकडे बघून सगळं खरं सांगितलं.
पंखा बंद होता.

खाली स्नायूंची झोळी असते, त्या म्हणाल्या.
झोळी नको, मी म्हटलं, जाळं म्हणा.
जाळं फाटलं म्हणून आमच्यात कोणी लाजत नाही.
बंदरावर उघड्यावर पसरतात,
चहा पीत, शिव्या देत शिवतात.
त्या हसल्या. मीही हसले.
बसलेलीच होते.

पुन्हा टाके लागतील का, ते तपासून कळेल.
तोवर हे:
आवळा. धरा. दहापर्यंत. सोडा.
सोडणंही शिकायचं, घाई करू नका.

पहिल्या दिवशी तीन.
आता सहा. कधीकधी चारच.
लिलावात बोली चढत असते,
मी टोपलीमागे बसून आवळून धरते
आणि चेहरा सुरमईच्या भावावर ठेवते.
परवा परकर पुन्हा भिजला. धुतला.
दिगंबरला फोनवर सांगितलं, नावानिशी सगळं.
तिकडे बराच वेळ नुसतं इंजिन वाजत होतं.
मग म्हणाला, पुढच्या खेपेला मी येतो ओरोसला.
येईल, न येईल.

काल पहाटे न्हाणीच्या मागे
सासू दिवा न लावता साडी पिळत होती.
एकच साडी, बाकी कपड्यांपासून वेगळी.
लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय,
आणि कालच दिसलं.
मी कळशी घेऊन तशीच उभी.
मागे न वळता तिनं विचारलं,
"धा मोजूचे, मां गो? की ईस?"

धा, मी म्हटलं.
आधी तीन.