शत्रूचा रकाना

उद्यमनगरात दिवसभर मी लेथवर बुश काढतो,
रात्री साडेदहाला जग काढायला बसतो.
जग तसं आयतंच आहे, परक्या कुणी रचलेलं:
बर्फाचे डोंगर, लांब कानांचे राजे, एक म्हातारा ड्रॅगन.
आम्ही तिघं त्याच्या पोटात शिरून
माणसं बदलतोय.

पहिले केले म्हशीवाले.
शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्या, अंगाला तेल.
त्यांची म्हैस सेनापतीचा हुकूम मानत नाही,
फक्त मालकाची हाळी ओळखते.
मालक पडला की अख्खी पलटण
जागच्या जागी रवंथ करते.
पद्मजा म्हणाली, असं कुठं युद्ध असतं?
मी म्हटलं, संध्याकाळी गंगावेशीत येऊन बघ.

मग गुऱ्हाळकर. काहिलीभोवती वसलेलं राज्य,
चुलाण विझलं की वंश संपला.
तटावरून उकळता पाक ओततात,
आणि तह झाला की त्याच पळीनं
शत्रूच्या पोरांना काकवी वाढतात.

पाण्याखालचे पद्मजानं लिहिले.
दहा महिने नकाशावर त्यांची राजधानीच नसते.
आषाढ सरता सरता पायरी पायरीनं वर येतात,
कुणाला हात लावत नाहीत,
प्रत्येक भिंतीवर एक रेघ ओढून परत जातात.
तिच्या घरात, शुक्रवार पेठेत, अशा दोन आहेत.
वरची कडीच्याही वर.

चौथे तौफिकचे. तौफिक शिकलगार.
त्यांचं नाव ठेवलं सराणवाले.
"आमची माणसं लढत न्हाईत," तो म्हणाला,
"दोन्हीकडच्या तलवारींना धार लावत्यात. दर एकच."
फाईल सगळी भरली:
नावं साठ, शिव्या बारा, मयताची रीत,
पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग भाव.
शत्रू: रिकामा.

गेम पडला.
पुन्हा चालू केला, पुन्हा पडला,
दर वेळी ड्रॅगननं जांभई दिली की तिथंच.
ज्याचं कुणाशी वैर नाही
त्याला इंजिन माणसात धरत नाही.

कुणीतरी लिही की, पद्मजा म्हणाली, म्हशीवाले लिही, खोटं खोटं.
"त्यांचे विळे कालच करून दिलेत."
गुऱ्हाळकर?
"तिकडं उधारी हाय."
पाण्याखालचे?
तौफिक जरा गप्प बसला.
"दुकानात चार दिवस पाणी होतं.
पाण्याचं काय वाटलं न्हाई गा.
चिखल धुतला आणि बघतोय तर
कात्र्या, अडकित्ते, आज्ज्याची ती पट्टी,
सगळं तांबूस."
कीबोर्ड ओढला, दोनच अक्षरं मारली:
गंज.

इंजिन मुकाट चालू झालं.
त्याला नुसता रकाना भरलेला पाहिजे होता.

आता दर वर्षी सराणवाले गंजाविरुद्ध युद्ध पुकारतात.
ढोल लावून निघतात, नकाशाभर हिंडतात.
शत्रूला ना गढी ना झेंडा,
म्हणून प्रत्येक वेशीवर थांबतात, दिसेल ते पातं उजळतात,
आणि पुढच्या गावाला लागतात.
आम्ही हसून हसून वाकलो होतो.

मग पद्मजानं आकडे काढले.
दोनशे डावांत मेलेले: पूर्वीच्या दुप्पट.
"धार चांगली लागते तुझ्या लोकांची," ती म्हणाली.
टोमणा नव्हता तो.
तौफिकनं आकडा परत वाचला, चहा तसाच ठेवला,
गाडी काढून गेला.

दुसऱ्या दिवशी मी ड्रिल घेऊन त्याच्या दुकानी.
ऊसतोडीचे दिवस. वडणग्याचा एक गडी आलेला,
कोयता नवा, मूठ अजून कच्ची.
तौफिकनं धार लावली, अंगठ्यावर पातं आडवं फिरवलं,
आणि देता देता हात मागं घेतला.
"कशाला पाहिजे?"
गडी माझ्याकडं बघायला लागला.
"उसाला की," तो म्हणाला, "आणि कशाला?"

त्या रात्री सराणवाल्यांच्या तोंडी एक वाक्य वाढलं.
वेशीवर सैनिक तलवार पुढं करतो,
म्हातारा विचारतो, कशाला पाहिजे?
उत्तराची सोय त्या गेममध्ये नाही.
सैनिक तसाच उभा राहतो, एक डाव, कधी दोन.
तौफिक म्हणतो, राहू दे.
पद्मजा म्हणते, हा बग आहे.