नाडी

सहा वर्षं झाली, माझा आजार मला तोंडपाठ आहे:
सुजलेले सांधे, गालांवर लाली, उशीवर केस.
"बाहेरचं काही नाही, परातेताई,"
धंतोलीच्या खानझोडे डॉक्टरांनी कागदावर बाण काढून दाखवलेलं,
"तुमचंच रक्त तुमच्यावर उलटतं."
तेव्हापासून या देहाकडे
घरातल्या चोराकडे पाहावं तशी पाहते.

पोळ्याच्या आठवड्यात ताप चढला.
डॉक्टरांनी नाडी पाहिली, जुनी फाईल चाळली,
दहाची गोळी चाळीसची झाली.
आणि दोन दिवस खरंच बरं वाटलं.
उठून लेकाच्या लाकडी बैलाची शिंगं रंगवली.
तिसऱ्या रात्री दात वाजू लागले,
मी देहालाच शिवी घातली:
मेल्या, अजून किती खाशील मला?

मेयोच्या खिडकीतून मारबतीचे ढोल.
अख्खी इतवारी रोगराई वेशीबाहेर हाकलत होती,
आणि माझ्या कागदावर, उद्यापासून सलाईनमधून, मोठा डोस.

रात्री सिस्टर रंगारी कपडे बदलायला आल्या.
"किती आवळता हो नाडी," म्हणत
परकराची गाठ सोडली, आणि थांबल्या.
"हे कायचं आहे?"
पोटाच्या वळीत, नाडीच्या वळाखाली
एक काळी खपली, उदबत्ती टेकवावी एवढी.
दुखत नव्हती. म्हटलं, काचलं असेल.
"नाडी अशी काचत नाही, माय.
गवतात गेल्ता का कुठं?"

गेले होते.
कोराडी रोडच्या प्लॉटला मनपाची नोटीस आली म्हणून
कंबरभर गवत दुपारभर उपटलं होतं.
हे कोणी विचारलं नव्हतं,
मीही सांगितलं नव्हतं.

त्यांनी बॉलपेननं खपलीभोवती गोल काढला
आणि झोपलेल्या डॉक्टरला उठवायला गेल्या.

मोठा डोस खोडला गेला. साधी, स्वस्त कॅप्सूल सुरू झाली.
दोन दिवसांत घाम फुटून अंग निवलं.

खानझोडे भेटायला आले, फाईलमध्ये किड्याच्या तापाचं नाव लिहून
पेनाचं टोपण बराच वेळ लावत बसले.
त्यांना काय बोलणार?
पहिली साक्ष तर मीच दिली होती.
तो आतून ओरडत होता, बाहेरचं कोणी आलंय,
आणि आम्ही त्याचंच तोंड दाबत होतो.

घरी आल्यावर पहिल्या अंघोळीला
तो निळा गोल मी चोळला नाही.
नाडी सैल बांधली.