टप्पा

फॉर्म एकाच पानाचा.
वर नाव, महानंदा बिराजदार. खाली वय.
बिल्ला क्रमांक कुणी विचारला नव्हता,
सवयीनं मीच लिहिला, मग खोडला.

उदगीर आगाराला कागद पाहिजेत.
सगळे, असं बाबू फोनवर म्हणाला.
सगळे म्हणजे कोणते, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

कोणाला कळवायचं : आगार व्यवस्थापक.
काय कळवायचं : इथं चार ओळी मोकळ्या.
चार ओळींत मुक्रमाबादचा थांबा सहज मावेल,
जिथं मशीन गळ्यात तसंच ठेवून
मी खाली उतरले, बाभळीखाली बसले,
अन् बेचाळीस माणसं खिडक्यांतून बघत राहिली.
ते तर डेपोतल्या चहावाल्यालाही माहीत आहे.
त्याच्या आधीचं
फक्त शेख मॅडमना माहीत आहे.
अकरा बुधवार,
सरकारी दवाखान्याची मागची खोली,
कुरकुरणारा हिरवा पंखा.

मी लिहिलं : कामावर येऊ शकते. तारीख.
बस्स.
मॅडम म्हणाल्या, उरलेल्या ओळी कोऱ्या सोडू नका.
मला हसूच आलं.
सतरा वर्षं वेबिल भरलंय, मॅडम,
कोऱ्या रकान्यात कुणाचाही आकडा बसतो.
पट्टी नव्हती,
आधार कार्डाच्या कडेनं आडवी रेघ ओढली.

किती दिवसांसाठी : एक महिना.
मध्येच नको वाटलं तर?
या, सांगा, तिथून पुढं थांबवू.
पण आधी गेलेलं परत आणता येत नाही.
हे त्यांनी दोनदा सांगितलं.

बाहेर बाकावर शिवलिंग, मांडीवर डबा.
अकराही बुधवार त्यानंच फटफटीवर आणलं मला,
दुकान बंद ठेवून.
‘एवढा येळ काय लिवलीस गं?’
मी गप्प.
‘मला तरी सांग. मी काय परका हाव?’

परका नाही रे.
पण ज्या टप्प्याचं तिकीट फाडलं
तिथंच उतरायचं असतं,
माणूस घरचा असला तरी.
हे ओठावर आलं होतं. म्हणाले नाही.
धपाटे गार झालेत एवढंच म्हणाले.

त्यानं मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला
आणि वाट बघत राहिला.
फाटकासमोरून देगलूरची गाडी गेली.
आत कुणीतरी, कोण ते दिसलं नाही,
घंटीची दोरी दोनदा ओढली.